पाठवणीच्या वेळी संयम राखणेबाबत

मोरवाडी, पिंपरी
एप्रिल १९७९, दुसऱ्या पाळीला निघण्याआधी

तीर्थस्वरूप उद्धवराव दाजी यांस,
ज्ञानदेवचा सप्रेम जयभीम.

आम्ही इकडे ठीक आहोत, म्हणजे जसे असतो तसे. तुमचा गुडघा आता कसा आहे? शिलाई मशीनला मोटर बसवून घ्या म्हणून मागे मी सांगितलं होतं, पण पायाने चालवल्याशिवाय टाका सरळ येत नाही असं तुमचं म्हणणं. मग गुडघा तरी सरळ कसा राहणार? अक्काचा खोकला गेला का? तिला म्हणावं मिसरी कमी कर (हे मी सांगितलं असं सांगू नका, तुम्हीच सांगताय असं सांगा, म्हणजे जे काय ऐकायचं ते तुम्ही ऐकाल). पत्रिका पोचल्याचं तुमचं कार्ड मिळालं. लग्न गुरुवारी का ठेवलं, असं तुम्ही त्यात विचारलंय. दाजी, आमच्या पट्ट्यात कारखान्यांना सुट्टी गुरुवारची. रविवारी लग्न ठेवलं तर मांडवात बायका आणि म्हातारी माणसं तेवढी उरतील आणि बाकीचं वऱ्हाड पाळीवर असेल. तेव्हा मे महिन्यातल्या पहिल्या गुरुवारी विहारासमोरच्या पटांगणात प्रभाचं लग्न आहे आणि तुम्ही दोघांनी दोन दिवस आधी यायचं आहे.

आता मुद्द्याचं. शालन समोर तांदूळ निवडत बसली आहे आणि मी मान वर केली की "लिहिलं का?" म्हणून विचारते आहे. तेव्हा लिहितो. दाजी, रागावू नका. घरातल्या सगळ्यांची अशी विनंती आहे, की प्रभाच्या पाठवणीच्या वेळी आपण संयम राखावा. (शालनचे शब्द "दाजींना म्हणावं, यंदा जरा आवरा" असे होते. पत्रात जरा बरं दिसावं म्हणून मी संयम घातला.)

मागल्या वर्षी भोसरीला आपल्या सोपानरावांच्या मुलीच्या लग्नात काय झालं ते तुम्हाला आठवत नसेल, कारण तुमचे डोळे टॉवेलात होते. आम्हाला आठवतं. मुलाला वडील नव्हते. मुंबईचा थोरला चुलता अगदी ऐनवेळी आला, आणि मुलीचा बाप कोण हे त्या बिचाऱ्याला ठाऊक नव्हतं. व्याहीभेटीला बोलावलं, तसा तो मांडवात इकडेतिकडे बघू लागला. आणि मांडवात तर एकच माणूस खांबाला मिठी मारून हुंदके देत होता. चुलता सरळ तुमच्याकडे आला, हार घातला, खांद्यावर टॉवेल टाकला, डोक्यावर टोपी चढवली आणि तुम्हाला कवळा घातला. तुम्हीही त्याच्या गळ्यात पडून असे काही रडलात की तो मुंबईचा माणूसही रडू लागला. फोटोवाल्याने फोटो मारला. सोपानराव मागे पाण्याची घागर घेऊन उभे होते. आज त्यांच्या आल्बमात व्याहीभेटीच्या पानावर तुम्ही आहात आणि मुलीचा बाप तुमच्या कानामागे अर्धा दिसतो आहे. सोपानरावांनी मनावर घेतलं नाही, पण त्यांच्या घरी गेलं की ते पान जरा भरभर उलटतात.

आता आपल्या प्रभाच्या सासरीही तसंच आहे. जावईबापूंना वडील नाहीत. चुलते सोलापूरकडून येणार, आदल्या रात्रीच्या गाडीने, आणि त्यांनी मला पाहिलेलं नाही. म्हणून शालनला घोर लागला आहे. त्यातून तिचं म्हणणं असं, की मुलगी देहूरोडला दिलीय, लोकलने मध्ये चिंचवड आणि आकुर्डी झालं की आलंच, भाजी करपली तर विचारायला येऊन परत जाता येईल इतकं जवळ. एवढ्यासाठी रडायचं कशाला? हे ती मला सांगते, आणि सांगताना दोनदा पदर डोळ्याला लावते. पण ते असो.

हे पत्र मी लिहावं असं घरात एकमताने ठरलं. कारण संयमाबद्दल बोलायचा अधिकार मोरवाडीत माझाच, असं सगळ्यांना वाटतं. दाजी, हा अधिकार मला कसा मिळाला हे तुम्हाला एकदा नीट सांगतो, म्हणजे तुमच्या लक्षात येईल की कोणाच्या पदरी काय पडेल याचा काही नेम नाही.

आमच्या कंपनीत मशीनशॉपला एकदा बडे साहेब फेरीला आले. आदल्या पाळीने एक जॉब बिघडवून माझ्या मशीनवर तसाच ठेवला होता. साहेबांनी तो उचलला, भोक मोजलं, आणि माझ्यावर जे सुरू झाले ते आधी इंग्रजीत, मग हिंदीत, मग कुठल्या तरी तिसऱ्याच भाषेत. अख्खं शॉप हातातलं काम टाकून बघायला लागलं. आणि माझ्या तोंडात तंबाखूचा बार. (तुमच्यापासून काय लपवायचं, तुमच्याच चंचीतली होती, चाकणची.) नुकताच भरलेला, अगदी रंगात आलेला. समोर पाटी, 'थुंकू नये'. तोंड उघडावं तर साहेबांचा पांढरा शर्ट हातभर अंतरावर. मग मी हात जोडून, मान खाली घालून उभा राहिलो आणि हळूहळू सगळा रस गिळला. कपाळाला घाम सुटला, डोळ्यांतून पाणी आलं. साहेब एकदम थांबले. माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांना कळलं की चूक आदल्या पाळीची, तेव्हा त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि सगळ्यांना सांगितलं, बघा, याला संयम म्हणतात. संध्याकाळी मी घरी येऊन मोरीत काय काय ओकलो ते शालनला विचारा. सव्वीस जानेवारीला मला शाल आणि नारळ मिळाला तेव्हा त्या भाषणात ते नव्हतं.

तेव्हापासून हा शब्द माझ्यामागे लागला तो लागलाच. कॅन्टीनमध्ये रस्सा संपत आला की वाढपी म्हणतो, ज्ञानदेवरावांना नंतर वाढू, ते थांबतात. मग मला बटाट्याची भाजी मिळते, बटाट्यावाचून. नळावर आमच्या शेजारच्या सोजराबाई माझी बादली पायाने मागे सरकवतात आणि वर बाकीच्या बायांना सांगतात, "भाऊंचं काय न्हाई, ते लई संयमी हाईत." दाढ काढायला गेलो तर डॉक्टरांची बायको आमच्या साहेबांच्या ओळखीची निघाली. डॉक्टर म्हणाले, तुमच्याबद्दल ऐकलंय, तुम्हाला इंजेक्शन कशाला? मी हवंय म्हणायच्या आत पक्कड तोंडात होती. मागे संप झाला तेव्हा गेटवर आमचे पुढारी माझ्याकडे बोट दाखवून ओरडले, "आमच्या संयमाचा अंत पाहू नका," आणि आतून साहेबांनी नोटीस लावली की कामगारांनी ज्ञानदेव यांच्यासारखा संयम बाळगावा. संयम एक आणि त्याला मालक दोन. मी मधे बाभळीखाली शेंगदाणे खात बसलो होतो. मला कोणीच काही विचारलं नाही.

पण या सगळ्याहून वाईट म्हणजे पाठवण्या. आमच्या वस्तीत कोणाचीही मुलगी सासरी निघाली की सोजराबाई मला हाताला धरून नेतात आणि नवरीच्या आईशेजारी उभं करतात. कारण तिला सावरायला कोणीतरी न रडणारा लागतो. दाजी, आजवर किती आया माझ्या खांद्यावर रडल्या असतील त्याची गणती नाही. माझ्या बऱ्या सदऱ्याच्या उजव्या खांद्यावर काजळ आणि खोबरेल तेल यांचा एक कायमचा नकाशा झाला आहे. शालन तो धुऊन धुऊन थकली. आता लग्नाला निघताना तीच म्हणते, तो उजव्या खांद्याचाच सदरा घाला, म्हणजे दुसरा नको खराब व्हायला. मी खांबासारखा उभा राहतो. गाडी निघून जाते, मंडळी पांगतात, मांडववाला खुर्च्या गोळा करतो आणि मग कोणीतरी मला म्हणतं, वा, ज्ञानदेवराव, संयम असावा तर असा. मी मान डोलावतो आणि घरी येऊन पाणी पितो.

मशीनवर उभं राहून डोक्याला दुसरं काम नसतं, म्हणून मी या शब्दाचा पुष्कळ विचार केला आहे. माझं मत असं झालंय, की संयम हा शब्द माणूस स्वतःसाठी कधी वापरत नाही. आपल्यावर वेळ आली की आपण म्हणतो, सोसलं, गिळलं, मूग गिळून गप्प बसलो, तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाल्ला. संयम हे दुसऱ्याच्या गिळण्याचं नाव आहे. आणि ते नाव नेहमी तोच ठेवतो ज्याला आपल्या न बोलण्याचा फायदा होतो. साहेबांच्या शर्टाचा फायदा झाला, सोजराबाईंच्या बादलीचा झाला. बायकांना तर कोणी तेवढाही मान देत नाही. त्यांना सोशिक म्हणतात आणि पुढच्या कामाला लावतात. आमच्या आईला जन्मभर सोशिक म्हणाले. ती गेली तेव्हा अक्काने हंबरडा फोडला, तुम्ही तर तिरडी सोडत नव्हता, आणि मला कोणीतरी सांगितलं की तू धाकटा असलास तरी शहाणा, पाहुण्यांच्या चहाचं बघ. मी चहाचं बघितलं.

मीरासाहेबांना तुम्ही ओळखता, ते पिंपरी कॅम्पाजवळचे, मोटारमेकॅनिक. तुमच्या पुतणीच्या लग्नात ज्यांचा टेम्पो होता ते. प्रभाला देहूरोडला न्यायला त्यांचाच टेम्पो ठरवला आहे. त्यांच्याशी माझी यावर चर्चा झाली. ते म्हणाले, "ज्ञानदेवराव, आमच्यात सबर म्हणतात. पण सबर म्हणजे दगड होणं न्हाई. दुःख झालं तर झालं म्हणायचं, रडायचं, फक्त वरच्याशी भांडायचं न्हाई." त्यांची झुलेखा सासरी गेली तेव्हा हा माणूस गॅरेजसमोर रस्त्यात विजेच्या खांबाला डोकं टेकून लहान पोरासारखा रडला होता. रहदारी थांबली होती. कोणी त्यांना नावं ठेवली नाहीत. मग तोंड धुऊन त्यांनी एका ट्रकचं इंजिन उतरवलं. मला म्हणाले, "मी रडलो, मोकळा झालो. तुमी काय करणार?" मी म्हणालो, मी संयमी आहे. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू माझ्या इंजिनातून आवाज येतोय आणि मला तो ऐकू येत नाही.

आणि परवा प्रभा बोलली. मी मोरीत दाढी करत होतो. ती आत आईला समजावत होती, की तू रडू नकोस, तू रडलीस की मलाही आवरणार नाही. मग हसून म्हणाली, "आबांचं बरंय. त्यांना काही वाटत नाही. ते चहाचं बघतील." पोरगी वाईट बोलली नाही, दाजी. उलट कौतुकाने बोलली. तिला लहानपणापासून हेच सांगितलंय. मी वस्तरा खाली ठेवला. म्हटलं, आत जाऊन सांगावं, की बाई, तू शाळेतून यायची ती वेळ गाठायला मी पहिली पाळी मागून घ्यायचो. आजारपणात तुला आकडी आली तेव्हा मी रात्रभर तुझ्या अंगठ्याला धरून बसलो होतो. तू गेल्यावर या दोन खोल्यांत मी कुणाचा आवाज ऐकू? हे सगळं अगदी जिभेवर आलं होतं. या खेपेला तोंडात तंबाखूही नव्हती. तरी तोंड उघडलं नाही. अर्ध्या तोंडाला साबण लावून मी तसाच उभा राहिलो. शालन बाहेर आली आणि म्हणाली, पाणी वाया जातंय.

त्याच दिवशी पाळीवर ग्राइंडिंगच्या मशीनजवळ, जिथे कोणाला कोणाचं ऐकू येत नाही, मला एकदम भरून आलं. म्हटलं, बरी जागा आहे, इथे उरकून घ्यावं. आणि खरंच डोळ्यांतून पाणी यायला लागलं. चांगलं वाटत होतं, दाजी. तेवढ्यात फोरमन धावत आला, "ज्ञानदेव, डोळ्यात लोखंडाचा किस गेला!" असं ओरडून त्याने मला दंडाला धरून कंपनीच्या दवाखान्यात नेलं. तिथे माझा डोळा उलटा करून बघितला. काही सापडेना, तेव्हा दुसरा उलटा केला. औषध घातलं, एका डोळ्यावर पट्टी बांधली, आणि सुरक्षा अधिकाऱ्याने चष्म्याशिवाय मशीनजवळ उभं राहू नये यावर मला बराच वेळ ऐकवलं. जाता जाता फोरमन त्याला सांगत होता, एवढा कचरा गेला डोळ्यात, पण माणसाने हूं की चूं केलं नाही. घरी पट्टी बघून प्रभा घाबरली. मी म्हणालो, काही नाही, किस गेला होता. ती फुंकर घालायला आली. मी म्हटलं, निघाला.

तर सांगायचं तात्पर्य असं, की वर लिहिल्याप्रमाणे आपण संयम राखावा. पाठवणीच्या वेळी शक्य तर मांडवाच्या मागल्या बाजूला आचाऱ्यापाशी थांबावं. व्याहीभेटीला पुढे येऊ नये. फारच भरून आलं तर विहिरीकडे जाऊन यावं. बौद्धाचार्यही आशीर्वादाच्या बोलण्यात संयमाचा विषय घेणार आहेत आणि माझं उदाहरण देणार आहेत असं कळतं, तेव्हा त्यांच्या बोलण्यात आपला हुंदका येऊ नये. अक्काला जयभीम सांगा. बाकी तुम्ही सुज्ञ आहात. भेटीअंती सगळं बोलूच, म्हणजे तुम्ही बोलाल आणि मी ऐकेन, नेहमीप्रमाणे.

आपला मेहुणा,
ज्ञानदेव

ता. क. शालनने पत्र वाचलं. मोरीचा आणि दवाखान्याचा भाग तिने वाचला नाही, कारण मी ते पान वाचायला दिलंच नाही. बाकी पसंत पडलं. ती म्हणते, येताना चाकणहून एक पोतं कांदे आणा, इकडे चांगला मिळत नाही. आणि जावईबापूंचा पांढरा सफारी वेळेवर होऊ द्या. मापं बरोबर पाठवली आहेत. खांदा जरा सैल ठेवा.

ता. क. दुसरा. हा मी मीरासाहेबांच्या गॅरेजात टेम्पोच्या बॉनेटवर कागद ठेवून लिहितो आहे. शालनला हा ठाऊक नाही. दाजी, वरचं सगळं विसरा. आचाऱ्यापाशी थांबू नका, विहिरीकडे तर मुळीच जाऊ नका. पाठवणीच्या वेळी माझ्या शेजारी उभे राहा, अगदी खांद्याला खांदा लावून (उजव्या). आणि सुरुवात तुम्ही करा. मला सुरुवात करता येत नाही, सवय गेली आहे. तुम्ही एकदा टाहो फोडलात की सगळा मांडव तुमच्याकडे बघेल, मग तुमच्या आडोशाने मलाही जमेल असं वाटतं. सोजराबाई मला ओढायला आल्या तर त्यांना आवरा. व्याहीभेटीला चुलत्यांनी चुकून तुम्हाला कवळा घातला तरी चालेल, टोपीही तुम्हीच घ्या, मला काही वाटणार नाही.

मीरासाहेब म्हणतात, टेम्पो सुरू झाला की मुली हटकून एकदा मागे वळून बघतात. तेवढ्या वेळापुरते मात्र माझ्यापुढून जरा बाजूला व्हा.